समुद्र कोठे शे? ४.६ मानांकनाच्या एका रिसॉर्टचं प्रकरण

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अमळनेर-जळगाव भागात लोकांना ग्राहक तक्रारी लिहून देतो. बहुतेक प्रकरणं बियाण्याची, फ्रिजची, मोबाइलची, पीकविम्याची. हे त्यातलं नाही. यात नुकसान पैशांचं थोडं आणि मनाचं जास्त होतं, आणि त्यातलं कोणतं नुकसान कागदावर मांडता येतं हे शोधण्यातच आमचे दोन महिने गेले. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. माणसांची, हॉटेलची आणि आरक्षणाच्या संकेतस्थळाची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

अमळनेर तालुक्यातलं पाच माणसांचं घर. वडिलांना सगळे ‘दादा’ म्हणतात. वय ६९, आयुष्यभर कापूस आणि दादर ज्वारी पिकवलेला माणूस, दोन्ही गुडघे गेलेले. आई म्हणजे ‘माय’. दोघंही माळकरी. मुलगा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात हिशेब बघतो, सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, नातू दुसरीत.

दादांनी पंढरपूर, आळंदी, शेगाव आणि एकदा काशी एवढा प्रवास केलेला. समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली तापी. २०२३ मध्ये त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होत होती. मुला-सुनेने ठरवलं की यंदा दोघांना समुद्र दाखवायचा, आणि सावरकरांना १९११ ते १९२१ या काळात जिथे ठेवलं होतं ते सेल्युलर जेलही दाखवायचं. म्हणून अंदमान. पोर्ट ब्लेअरला दोन दिवस (२०२४ च्या सप्टेंबरात त्याचं नाव श्री विजयपुरम झालं) आणि त्याआधी स्वराज द्वीपावर तीन रात्री. हेच जुनं हॅवलॉक, २०१८ च्या डिसेंबरात नाव बदललेलं.

हॉटेल सुनेने शोधलं. सप्टेंबरातल्या पंधरा-वीस रात्री, नातवाला झोपवल्यावर, मोबाइलवर. शेवटी एक रिसॉर्ट पक्कं झालं: मानांकन पाचपैकी ४.६, अभिप्राय शेकड्यांनी, आणि पहिल्याच फोटोत लाकडी कॉटेजच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबलेलं निळं-हिरवं पाणी. दादांना फोटो दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “इतकं जवळ?” मला वाटतं घराने हॉटेल तिथेच निवडलं. पुढची सगळी चौकशी त्या निवडीला आधार शोधण्यासाठी झाली.

समुद्रासमोरच्या दोन कॉटेज घेतल्या. दर रात्रीला प्रत्येकी १४,००० रुपये. तीन रात्रींचे ८४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ९९,१२०. सगळी रक्कम आधीच भरली. या घरासाठी ही रक्कम किती मोठी, हे सांगायला नको.

पहिली दुपार

अमळनेरहून भुसावळ, तिथून चोवीस तासांहून जास्त रेल्वेने हावडा, कोलकात्यात एक रात्र, पहाटेचं विमान, मग बोट. २७ डिसेंबरला दुपारी साडेतीनच्या पुढे ही मंडळी रिसॉर्टच्या दारात उतरली. मायने बांधून घेतलेल्या दशम्या आदल्या रात्रीच संपल्या होत्या.

स्वागताचं नारळपाणी झालं. नोंदणी कार्डावर मुलाने सही केली. मग दादांना घेऊन सगळे नारळाच्या बागेतून पुढे गेले. झाडं संपली, वाळूचा पट्टा आला, आणि त्यापुढे काळपट खडकांचा, मेलेल्या प्रवाळाचा सडा. मधूनमधून घोट्याएवढी डबकी. त्यात एक होडी कलंडून पडलेली. पाणी होतं, पण फार लांब, एका बारीक चकाकत्या रेघेएवढं. दादा काठी टेकून उभे राहिले आणि मुलाकडे वळून म्हणाले,

“समुंदर कोठे शे रे?”

सून मला म्हणाली, “काका, त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते खरंच विचारत होते.” मुलाला तिथे उत्तर सुचलं नाही.

त्यानंतर रात्रीपर्यंत सगळं एकामागून एक आलं. दोनपैकी एकच कॉटेज मिळाली, दुसरीच्या जागी मागच्या बाजूची बागेतली खोली. कारण सांगितलं गेलं की आधीच्या पाहुण्यांनी मुक्काम वाढवला. मिळालेली कॉटेज खांबांवर उभी, सात उंच पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. बागेतली खोली जमिनीलगत, पण तिच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर जनरेटरची पत्र्याची शेड. पाचच्या सुमारास सूर्य मावळला आणि तोही पाठीमागे, झाडांआड, कारण हे रिसॉर्ट बेटाच्या पूर्व अंगाला. मायला समुद्रात बुडणारा सूर्य बघायचा होता. रात्री जेवणाच्या टेबलावर मासळीचा आणि पनीरचा चिमटा एकच. मायने दोन केळी खाल्ली आणि उठली.

अडचण नेमकी कोणती

सगळं एकत्र ऐकलं की माणूस म्हणतो, फसवलं. मीही पहिल्या दिवशी तसंच म्हणालो. नंतर सुनेबरोबर बसून एकेक गोष्ट वेगळी केली, तेव्हा तीन निरनिराळे ढीग पडले.

पहिला ढीग पाण्याचा. हा माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो. अंदमानात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, आणि वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, त्यामुळे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. कोकणात याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला उलट, चढ-उतार कमी, तो भांग. शिवाय स्वराज द्वीपाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर, गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला, पाणी उथळ आणि तळ प्रवाळी खडकाचा. ओहोटीला तिथे पोहण्यासारखं काही उरत नाही. प्रसिद्ध राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे, तो वाळूचा. सूर्यास्तही तिथेच दिसतो.

ही मंडळी पोहोचली तो दिवस दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशीचा. मायने आदल्या दिवशी प्रवासातसुद्धा पौर्णिमेचा उपवास धरला होता. म्हणजे तिथी घरात सगळ्यांना माहीत होती. पण आपल्याकडे पौर्णिमेचा संबंध उपवासाशी, वारीशी, पेरणी-कापणीच्या हिशेबाशी. तिचा पाण्याशी संबंध लावायची गरज तापीकाठच्या माणसाला कधी पडलेलीच नाही. मालवणच्या एखाद्या म्हातारीने दिवस ऐकूनच सांगितलं असतं की दुपारी गेलात तर पाणी दिसणार नाही.

यात हॉटेलचा दोष किती? फोटो खरा होता, भरतीच्या वेळी काढलेला. वर्णनात ओहोटीबद्दल एक अक्षर नव्हतं. मला हे चुकीचं वाटतं, आणि आजही वाटतं. पण चुकीचं वाटणं आणि सिद्ध करता येणं यांत अंतर आहे.

दुसरा ढीग खोलीचा. इथे प्रश्न सरळ होता. दोन समुद्रासमोरच्या कॉटेजचे पैसे घेतले, दिली एक. कायद्याच्या भाषेत ही सेवेतील त्रुटी.

तिसरा ढीग पायऱ्या, चिमटा, सूर्यास्त. यातलं काहीही हॉटेलने कबूल केलेलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मग ४.६ चं काय? एका संध्याकाळी सुनेने आणि मी त्या पानावरचे अभिप्राय सलग वाचून काढले. मला खोट्या अभिप्रायांचा संशय होता. तो प्रश्न देशात इतका मोठा आहे की भारतीय मानक ब्युरोने २०२२ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, अर्थात ऐच्छिक. पण इथे तसं काही दिसलं नाही. माणसं खरी वाटत होती आणि खरंच खूश होती. कोणी नवविवाहित जोडपं, कोणी स्कूबा डायव्हिंगला आलेली मित्रमंडळी. त्यांना दुपारी पाणी आहे की नाही याने फरक पडत नव्हता, ती पहाटेच बोटीने समुद्रात जात होती. सात पायऱ्या त्यांनी मोजल्याही नसतील. वयस्कर आई-वडिलांना घेऊन गेलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांचे अभिप्राय तीन ताऱ्यांचे, खाली कुठेतरी दबलेले. त्यातल्या दोघांनी ओहोटीचं स्पष्ट लिहिलं होतं. एकाने जनरेटरचं.

आणखी एक गोष्ट. मुलगा सगळ्यांना ‘साडेचार स्टार हॉटेल’ म्हणून सांगत होता. ते तारे वेगळे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं एक ते पाच तारांकित वर्गीकरण खोल्या, सोयी, सुरक्षितता तपासून होतं, आणि हॉटेलने त्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो. ४.६ हा आकडा म्हणजे येऊन गेलेल्या लोकांच्या समाधानाची सरासरी. या रिसॉर्टला मंत्रालयाचा एकही तारा नव्हता आणि त्याने तसा दावाही केला नव्हता.

त्या रात्री कोणते पर्याय होते

मुलगा संतापला होता. त्याचं म्हणणं, सकाळी सामान उचलायचं आणि दुसरीकडे जायचं. सुनेने तासभर फोन लावले. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, बेट भरलेलं. ज्या एका ठिकाणी जागा होती तिथला दर इथल्या दीडपट. शिवाय इथले भरलेले पैसे परत मिळण्याची खात्री नाही.

दुसरा पर्याय, बोटीची तिकिटं बदलून पोर्ट ब्लेअरला परतायचं. तिसरा, व्यवस्थापकाशी भांडून कॉटेज मिळवायची. चौथा, गप्प बसायचं. दादांचा कौल चौथ्याला होता. ते एवढंच म्हणाले, “फिराले उनूत, भांडाले नही.”

निर्णय सुनेने घेतला आणि तो मला फार समजूतदारपणाचा वाटतो. राहायचं, पण लेखी मागायचं. ती एकटी काउंटरवर गेली. व्यवस्थापक नम्र होता. कॉटेज नाही हे तो तोंडाने तीनदा म्हणाला, कागदावर लिहून द्यायला मात्र तयार होईना. त्याऐवजी त्याने नातवासाठी काचेच्या तळाच्या बोटीची फेरी फुकट देऊ केली. सुनेने ती घेतली. मग खोलीत येऊन तिने हॉटेलच्या आणि संकेतस्थळाच्या पत्त्यावर एक ईमेल पाठवला: आज २७ तारखेला संध्याकाळी सहा वाजता आम्हाला कळवण्यात आलं की दोनपैकी एक कॉटेज उपलब्ध नाही, बदली खोली बागेतली आहे, आम्ही ती नाइलाजाने घेत आहोत, दरातला फरक परत मिळावा. सोबत खोलीच्या दाराचा, खिडकीतून दिसणाऱ्या शेडचा फोटो, आणि जनरेटरच्या आवाजाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. आठ ओळींचा ईमेल. पुढे जे काही मिळालं ते या आठ ओळींमुळे.

खोल्यांची वाटणीही ठरवावी लागली. दादांच्या गुडघ्यांना बागेतली सपाट खोली सोयीची होती. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांना जनरेटरशेजारी झोपवायचं? दादा-माय कॉटेजमध्ये राहिले. पायऱ्या उतरताना दादा तोंड कॉटेजकडे करायचे, दोन्ही हातांनी कठडा धरायचे आणि शिडीवरून उतरावं तसं एकेक पाऊल मागे टाकत खाली यायचे. मुलगा खाली हात पसरून उभा. दिवसातून चार-पाच वेळा हे चालायचं.

पुढचे दोन दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत झाडणारा माणूस भेटला. या बेटावरची गावं बंगाली निर्वासितांनी वसवलेली. हाही त्यातल्याच एका घरचा. त्याने दादांना वाळूवरची एक रेघ दाखवली, वाळकी पानं, शंख आणि काड्यांची. म्हणाला, “दस बजे आइए बाबूजी, पानी यहाँ तक आएगा.”

दहाला दादा सर्वांत वरच्या पायरीवर बसून होते. पाणी त्या रेघेपर्यंत आलं आणि तिच्या पुढेही आलं. फोटोतल्यासारखंच. कलंडलेली होडी सरळ होऊन डोलायला लागली. दादा खाली उतरले, धोतर वर खोचलं आणि नातवाचा हात धरून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. तो फोटो त्यांच्या घरात टीव्हीच्या वर लावलेला आहे.

चिमट्याचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. सुनेने थेट मुदपाकखान्याच्या दाराशी जाऊन आचाऱ्याला सांगितलं की दोघं माळकरी आहेत, वेगळ्या भांड्यात साधी मुगाची खिचडी मिळेल का? मिळाली, तीनही दिवस, वर तुपाची धार सोडून, आणि त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले नाहीत. जनरेटर मात्र तसाच राहिला. तीन रात्री मुलगा कानात कापूस घालून झोपला, नातू आईच्या कुशीत दचकून उठत राहिला. माय सूर्यास्त बघायला एकदा रिक्षाने राधानगरला जाऊन आली.

परतल्यावर

संक्रांतीनंतर मुलगा-सून माझ्याकडे आले. मुलाच्या मनात पाच लाखांची भरपाई होती. सुनेला फक्त फरक हवा होता, आणि हॉटेलने चूक मान्य करावी, एवढंच.

इथे माझी चूक सांगायला हवी. पहिलं पत्र मी लिहिलं. मनापासून लिहिलं, तीन पानी. ओहोटी, पायऱ्या, चिमटा, सूर्यास्त, जनरेटर, कॉटेज, सगळ्या मिळून अकरा तक्रारी. नऊ दिवसांनी उत्तर आलं. ओहोटी हा निसर्ग आहे, हे त्यांनी सविस्तर समजावलं होतं. पायऱ्या फोटोत दिसतात, हेही. जेवणाची सोय केली, याची आठवण करून दिली होती. कॉटेजबद्दल एक वाक्य: पाहुण्यांनी स्वतः सही करून बागेतली खोली स्वीकारली आणि त्याबदल्यात बोटीची फेरीही घेतली. शेवटी, पुढच्या मुक्कामावर २० टक्के सवलतीचं कूपन.

सही? मुलाने नोंदणी कार्डाचा फोटो मागवला. कार्डावर खोलीचा प्रकार आधीच छापलेला होता: एक कॉटेज, एक बाग. चोवीस तासांहून जास्त प्रवास करून आलेल्या माणसाने नारळपाणी हातात असताना ते न वाचता सही केली होती, आणि खोली बदलल्याचं त्याला त्यानंतर सांगण्यात आलं.

माझ्या अकरा तक्रारींनी त्यांना दहा ठिकाणी उत्तर द्यायची संधी दिली आणि अकरावी झाकली गेली. दुसरं पत्र मी एका पानाचं केलं. त्यात एकच तक्रार. कॉटेजचा दर १४,०००, बागेतल्या खोलीचा त्याच तारखांचा दर ९,०००, फरक ५,०००, तीन रात्रींचे १५,०००, त्यावरचा जीएसटी २,७००, एकूण १७,७०० रुपये. सोबत २७ तारखेच्या रात्रीचा ईमेल. सहीचा खुलासा दोन ओळींत: सही चारच्या आधीची, खोली बदलल्याचं सांगितलं सहाला, लेखी हरकत त्याच रात्री. बोटीच्या फेरीबद्दल एक ओळ: ती दरातल्या फरकाच्या बदल्यात आहे असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि हरकतीचा ईमेल फेरीच्या आधीचा आहे.

हॉटेल म्हणालं, पैसे संकेतस्थळाकडे भरलेत, त्यांच्याशी बोला. संकेतस्थळ म्हणालं, खोली हॉटेलने बदलली, त्यांच्याशी बोला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुनेने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दोघांच्या विरुद्ध तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि तडजोडीला वाट करून देते.

दरम्यान जिल्हा ग्राहक आयोगाचा विचार झाला. लोकांना वाटतं अंदमानच्या हॉटेलवर दावा म्हणजे अंदमानला जावं लागेल. १९८६ च्या जुन्या कायद्यात ती अडचण खरी होती, तक्रार समोरचा पक्ष असेल तिथे किंवा तक्रारीचं कारण घडलं तिथे करावी लागे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २०२० च्या जुलैत लागू झाला, तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही जाता येतं. म्हणजे जळगाव. मोबदला, म्हणजे सेवेसाठी भरलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. बाजू भक्कम होती. माझा कल दावा करण्याकडे होता. मुलाचा हिशेब वेगळा: प्रत्येक तारखेला एक रजा, आणि निकाल कायद्यात अपेक्षित असलेल्या तीन महिन्यांत लागेलच असं नाही. दोन वर्षं हातात आहेत, तर आधी हेल्पलाइनचं बघू, असं ठरलं.

निकाल

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संकेतस्थळाने १७,७०० रुपये खात्यावर जमा केले. ‘सद्भावना म्हणून’ असं लिहून. चूक कुणीही मान्य केली नाही. मानसिक त्रासाची भरपाई मिळाली नाही. कूपन वापरलं गेलं नाही. आयोगात जायचं दादांच्या सांगण्यावरून सोडून दिलं. मला ते पटलं नाही. सहीच्या कार्डावर खोलीचा बदल आधी छापून ठेवायचा आणि तोंडी नंतर सांगायचा, ही पद्धत पुढच्या पाहुण्यालाही भोवणार आहे, आणि ती मोडायला आयोगाचा एक आदेश उपयोगी पडला असता. पण दावा त्यांचा होता, माझा नव्हता.

सुनेने अभिप्राय लिहिला. पहिला मसुदा एका ताऱ्याचा, रागाचा. आठ दिवस ठेवला आणि परत लिहिला. छापला तो असा: तीन तारे. किनारा पूर्वेचा, सूर्यास्त दिसत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी पाणी फार आत जातं, सकाळी दहाच्या सुमारास भरती सुंदर असते. कॉटेजला सात पायऱ्या, कठडा एका बाजूला. बागेतल्या मागच्या खोल्यांना जनरेटरचा आवाज. शाकाहारी जेवण वेगळं सांगितलं तर मिळतं, आचारी फार चांगला माणूस. आम्हाला ठरलेली कॉटेज मिळाली नाही, फरकासाठी तीन महिने लागले.

काय वेगळं करता आलं असतं

आरक्षणाआधी एक फोन. संकेतस्थळाला नव्हे, थेट हॉटेलला. पायऱ्या किती, पाणी किती वाजता असतं, जनरेटर कुठे, स्वयंपाक वेगळा होतो का. दहा मिनिटांचं काम होतं. सुनेला विचारलं तर म्हणाली, “एवढ्या मोठ्या हॉटेलला असले प्रश्न कसे विचारायचे, असं वाटलं.” हा संकोच मला आपल्याकडच्या बऱ्याच घरांत दिसतो. दुकानात साडीचा पदर उलगडून बघणारी माणसं लाखभर रुपये भरताना तोंड मिटून बसतात.

अभिप्राय वाचताना सरासरीऐवजी आपल्यासारखी माणसं शोधायला हवी होती. त्या पानावर शोधायची सोय होती. ‘पेरेंट्स’, ‘लो टाइड’, ‘स्टेप्स’ हे तीन शब्द टाकले असते तरी पुरलं असतं. आम्ही नंतर टाकून पाहिले. ओहोटीचे आणि पायऱ्यांचे अभिप्राय लगेच वर आले.

पूर्ण रक्कम आधी भरायची नव्हती. परत न मिळणाऱ्या दरात आणि रद्द करता येणाऱ्या दरात थोडाच फरक होता. तो वाचवण्याच्या नादात हातातली एकमेव पकड गेली.

कार्ड वाचून सही. आणि सही करावीच लागली तर तिच्याशेजारी पेनाने ‘हरकतीसह’ एवढा एक शब्द.

बोटीची फेरी घ्यायला नको होती का, यावर आमचं एकमत नाही. मी म्हणतो, घ्यायला नको होती किंवा घेताना लिहून द्यायला हवं होतं. सून म्हणते, नातू त्या दिवशी काचेतून मासे बघून जेवढा हसला तेवढा सबंध प्रवासात हसला नाही. मी त्यावर पुढे काही बोललो नाही.

आणि मी? पहिलंच पत्र एका पानाचं लिहायला हवं होतं. फेब्रुवारीत जे पाठवलं ते जानेवारीत गेलं असतं तर महिनाभर वाचला असता. आता मी तक्रारदाराला आधी सगळं सांगू देतो, पानंच्या पानं लिहून घेतो, आणि मग त्याच्यासमोरच ज्याला कागद आहे ते ठेवून बाकीचं वेगळ्या पानावर काढतो. ते दुसरं पान फाडत नाही. त्यात माणसाचं खरं दुःख असतं.

गेल्या मार्गशीर्षात पारोळ्याच्या एका नात्यातल्या मुलीचं लग्न झालं. अंदमानला जायचंय, कुठे उतरू, असं तिने सुनेला विचारलं. सुनेने तेच रिसॉर्ट सुचवलं. कॉटेजचा नंबर ईमेलवर लिहून घे, म्हणाली, आणि अष्टमीच्या आसपासची तारीख बघ.